जसा आला तसा

सालाबादप्रमाणे यंदाही पृथ्वी पहाटे ५ वाजून २७ मिनिटांनी सूर्यापासून लांब जाणार आहे. कोणत्या तारखेला, ते विचारू नका. निरोप ज्या दिवशी येतो त्याच्या दुसऱ्या दिवशी. एरवी सूर्य आपल्यापासून ९ कोटी किलोमीटरवर असतो, आता तो १५ कोटी २० लाखांवर जाणार, म्हणजे ६६ टक्के लांब. सबब २२ ऑगस्टपर्यंत थंडी वाजेल, घसा धरेल, अंग मोडून येईल, तरी सर्वांनी प्रतिकारशक्ती वाढवावी आणि आपल्या माणसांना कळवावं. शेवटी जोडलेले दोन हात आणि गुलाबाचं फूल.

पृथ्वी लांब जाते, हे खरं आहे. दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती आपल्या कक्षेच्या सर्वात दूरच्या टोकाला असते आणि तेव्हा सूर्यापासूनचं अंतर साधारण १५ कोटी २१ लाख किलोमीटर भरतं. निरोपातला हा आकडा जवळपास बरोबर आहे. लबाडी पहिल्या आकड्यात आहे. जानेवारीत आपण सूर्याच्या सर्वात जवळ असतो, तेव्हाही अंतर १४ कोटी ७१ लाखांच्या आसपास असतं. ९ कोटी ३० लाख हा आकडा जुन्या शालेय पुस्तकांत भेटतो, पण तो मैलांचा. कुणीतरी एका बाजूला मैल आणि दुसऱ्या बाजूला किलोमीटर धरून वजाबाकी केली असावी. खरा फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा, आणि तोही उत्तर गोलार्धात उन्हाळा चालू असतानाचा.

पण हा निरोप आकड्यांवर जगलेलाच नाही. जुलै-ऑगस्टात महाराष्ट्रात घसा कुणाचा धरत नाही? कपडे वाळत नाहीत, पोरं शाळेतून भिजून येतात, घरटी एक जण शिंकत असतो. आजार आधीच घरात असतो, निरोप फक्त कारण आणून देतो. कारणही असं भारदस्त, की छत्री विसरल्याचा दोष थेट ग्रहमालेवर जातो. याचा थोरला भाऊ म्हणजे २७ ऑगस्टला चंद्राएवढा दिसणारा मंगळ. २००३ साली मंगळ खरोखरच पृथ्वीच्या खूप जवळ आला होता. तेव्हापासून तो दर ऑगस्टला निरोपांतून येतो. आपल्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं असतं. मंगळ दिसला नाही याचं खापर ढगांवर फुटतं आणि निरोप पुढल्या वर्षासाठी शाबूत राहतो.

आता समजा, हे सगळं गणित घरातल्या एखाद्या पुतण्याने मांडलं. कुठे? तर 'आपला गोतावळा' नावाच्या ग्रुपवर, काकांच्या निरोपाच्या बरोब्बर खाली, सकाळी सव्वासातला. पुढे काय होतं ते अवघ्या महाराष्ट्राला पाठ आहे. आधी अर्धा तास शांतता. मग काका: "आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत का बाबा? जसा आला तसा पाठवला." आत्या: "काळजी घ्यायला काय पैसे पडतात?" मावसभाऊ अंगठा दाखवतो, काकांना की पुतण्याला, ते गुलदस्त्यात. एक वहिनी समंजसपणे कालच्या बारशाचे फोटो टाकते आणि सूर्यमाला मागे पडते. संध्याकाळी पुतण्याच्या आईला फोन येतो. "मुलगा हल्ली फार बोलायला लागलाय गं. चारचौघांत मोठ्या माणसाला असं..."

फोनवर पृथ्वीचा विषय निघत नाही.

तथ्य तपासायचं कसं, याचे धडे आता शाळेपासून पोलिसांपर्यंत सगळे देतात. फोटो सर्च इंजिनात टाकून तो आधी कुठे आला होता ते पाहा, व्हिडिओतल्या दुकानांच्या पाट्या वाचा, गाडीचा नंबर बघा, बातमीची तारीख बघा. सोपं आहे. पुतण्याचं काम चहा गार व्हायच्या आत झालं होतं. अवघड आहे ते सापडलेलं बोलून दाखवणं. आपल्याकडे चूक करण्याला फारशी शिक्षा नाही, चूक दाखवण्याला आहे. काकांनी खोटं पाठवलं, त्यांचं काही गेलं नाही. पुतण्याने खरं सांगितलं, त्याच्या पदरात दिवाळीच्या फराळापर्यंत पुरेल एवढा अबोला.

आणि 'जसा आला तसा' हे काय प्रकरण आहे? कुरिअरवाल्याने हात झटकावेत तसे हे हात झटकणं. पाकिटात काय आहे ते मला ठाऊक नाही, मी नुसता पोचवणारा. फरक इतकाच की कुरिअरवाला पत्ता लिहिलेल्या एकाच घरी जातो. काका सोसायटी, माजी विद्यार्थी, योगवर्ग, ज्ञातिबांधव आणि सकाळी टेकडीवर भेटणारे अशा सगळ्या दारांत टाकून येतात.

बरं, आपण भोळे आहोत म्हणावं तर तसंही नाही. संशय घ्यायला आपल्याला आवडतो, फक्त तो कुठे घ्यायचा याचं आपलं एक शास्त्र आहे. दहा रुपयांचं नाणं घ्या. अनेक गावांत ते आजही वाण्याच्या गल्ल्यापुढून परत येतं. "चालत नाही." कोण म्हणतं? "पुढे कुणी घेत नाही." पुढच्याला विचारावं, तर तोही पुढच्याकडे बोट दाखवतो. नाण्यावर रुपयाचं चिन्ह आहे की नाही, कडेच्या पट्ट्या १० आहेत की १५, यावरून खरं-खोटं ठरवणारे परीक्षक गल्लोगल्ली तयार झाले. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं की तोवर निघालेले चौदाही प्रकार कायदेशीर चलन आहेत. वाण्याने ते पत्रक काही वाचलं नाही. पण याच्या सव्वा वर्ष आधी, नोटाबंदीच्या आठवड्यात, दोन हजारांच्या नव्या नोटेत नॅनो चिप असून जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी ती उपग्रहाला सापडते, हे मात्र त्याच बाजारपेठेने बिनबोभाट मान्य केलं होतं. रिझर्व्ह बँक तेव्हाही नाही म्हणत होती. सरकारने पाडलेलं नाणं खोटं आणि सरकारने न बसवलेली चिप खरी! मे २०२३ मध्ये ती नोट चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली. चिपा परत मागितल्याचं काही ऐकिवात नाही.

"हे सगळं मोबाइलने बिघडवलं," असं म्हणणारे एक जण दर बैठकीत असतातच. त्यांना २१ सप्टेंबर १९९५ आठवत नसावा. गुरुवार होता. दिल्लीत एका देवळात गणपती दूध प्यायला आणि दुपारपर्यंत देशभरातले गणपती प्यायला लागले, संध्याकाळी लंडनचेही. भारतात मोबाइल येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते आणि ज्यांच्याकडे होता ते दुधाच्या रांगेत उभे राहणाऱ्यांतले नव्हते, निदान उघडपणे तरी नव्हते. काम केलं ते घरच्या काळ्या फोनने आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथने. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं. चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ धारेने खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही, एवढंच. गाभाऱ्यातली फरशी ओली होती, ती पाहायला मान खाली घालावी लागली असती. सगळे सोंडेकडे बघत होते.

पुढे ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं. लोकांनी ओंजळीने प्यायलं, बाटल्या भरून घरी नेलं, लहान मुलांना पाजलं. मिठी नदी तिथेच समुद्राला मिळते. ती काय काय वाहून आणते, ते वर्षभरापूर्वी, २६ जुलै २००५ ला, मुंबईने घरात घेऊन पाहिलं होतं. महापालिका पिऊ नका म्हणून ओरडत होती. पण चमत्काराच्या वेळी महापालिकेचं कोण ऐकतं? ती एरवी नळाला पाणी सोडते तेव्हा आपण ते गाळून, उकळून, वर तुरटी फिरवून पितो.

मोबाइलने एक केलं. पूर्वी अफवा पोचवायला निदान चप्पल घालावी लागायची.

आणखी एक केलं. नावं वाटली. पु. ल. देशपांडे जाऊन २०२५ च्या जूनमध्ये २५ वर्षं झाली, पण त्यांचं लेखन थांबलेलं नाही. पावसावर, म्हातारपणावर, मैत्रीवर, 'आयुष्य खूप सुंदर आहे' छापाच्या मुक्तछंदावर त्यांचा हात अजून चालू आहे. व. पु. काळे दिवसाला तीन-चार सुविचार देतात. पुलंना ज्याने एक पानभर वाचलंय, त्याला दुसऱ्या ओळीत कळतं की हे त्यांचं नाही. त्यात एकही हसू नाही. पण ज्यांनी वाचलेलंच नाही त्यांच्यासाठी आता हेच पु. ल. हा प्रकार निरुपद्रवी म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे. मला तो तितका निरुपद्रवी वाटत नाही. नाव मोठं असलं की आतला मजकूर तपासायचा नसतो, ही सवय इथे, सुप्रभातच्या फुलांत, लागते आणि पुढे ती बँकेच्या खात्यापर्यंत जाते.

मरणाच्या बातमीतही तीच घाई. नोव्हेंबर २०२२ मध्ये अभिनेते विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात अत्यवस्थ होते. रात्री ते गेल्याची बातमी सुटली. भल्याभल्या कलावंतांनी श्रद्धांजल्या लिहिल्या, वृत्तवाहिन्यांनी जुनी दृश्यं लावली, ग्रुपांवर 'भावपूर्ण' सुरू झालं. घरच्यांना सांगावं लागलं की ते अजून आहेत. २६ तारखेला ते गेले. तेव्हा अनेकांनी काही लिहिलं नाही. त्यांचं लिहून झालं होतं. आदल्या निरोपाखाली 'चूक झाली' असं लिहिणारे किती निघाले, ते ज्याने त्याने आपापल्या ग्रुपवर मागे सरकवून पाहावं.

आता धंद्याकडे येऊ. कारण वरचं सगळं हौशी लोकांचं. व्यावसायिक मंडळी वेगळी आहेत आणि त्यांनी आपला अभ्यास आपल्यापेक्षा चांगला केला आहे.

२०२२ च्या आसपास वीजबिलाचा निरोप घरोघर आला. 'प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. त्वरित खालील अधिकाऱ्याशी संपर्क साधा.' खाली साधा दहा आकडी मोबाइल नंबर. फोन केला की 'अधिकारी' एक ॲप घ्यायला सांगायचा, ते घेतलं की आपल्या फोनचा पडदा त्याला तिकडे दिसायचा आणि मग आपण दहा रुपये 'टेस्टिंगला' भरत असताना तो पासवर्ड टिपून घ्यायचा. लोक फसले. खरं म्हणजे पहिल्याच ओळीत संशय यायला हवा होता. महाराष्ट्रात वीज कधी वेळ सांगून गेली आहे? आणि वीजमंडळाचा अधिकारी रात्री साडेनऊला स्वतःच्या मोबाइलवर उपलब्ध! उन्हाळ्यात डीपी उडाल्यावर ज्याने कधी तक्रारीला फोन लावला आहे, त्याने हे वाचून आधी हसायला पाहिजे होतं. पण 'अधिकारी' हा शब्द दिसला आणि हसू जिरलं.

ऑगस्ट २०२४ मधला एक निरोप मी संग्रही ठेवण्याजोगा मानतो. पाठवणारे साक्षात भारताचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. कॉलेजियमची तातडीची बैठक आहे, कनॉट प्लेसला अडकलो आहे, टॅक्सीला ५०० रुपये पाठवता का, कोर्टात पोचल्यावर परत करतो. सर्वोच्च न्यायालयाने रीतसर पोलिसांत तक्रार दिली. यावर देशभर हसाहशी झाली. पण त्याच महिन्यात, त्याच सरन्यायाधीशांच्या नावाने, दुसरीकडे काय चाललं होतं? लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख, ८२ वर्षांचे एस. पी. ओसवाल यांना व्हिडिओ कॉलवर 'अटक' झाली. सीबीआयचे अधिकारी होते, मनी लाँडरिंगचं प्रकरण होतं, शिक्क्यांची कागदपत्रं होती. एवढंच नाही, तर ऑनलाइन 'सर्वोच्च न्यायालय' भरलं, 'सरन्यायाधीश चंद्रचूड' यांनी सुनावणी घेतली आणि आदेश काढला. ७ कोटी रुपये गेले. नंतर पोलिसांनी त्यातले बरेचसे परत मिळवले आणि ओसवालांनी स्वतः पुढे येऊन सगळं सांगितलं, म्हणून आपल्याला हे तपशील कळले. पुढे येऊन सांगायला धाडस लागतं. बहुतेक जण गप्प राहतात.

पाचशे मागितले तेव्हा लोक हसले. सात कोटी मागितले तेव्हा कोर्ट भरवलं होतं.

या 'डिजिटल अरेस्ट'ची संहिता आता इतकी बसली आहे की नाट्यनिर्मात्यांनी अभ्यासावी. पहिला अंक कुरिअरचा किंवा टेलिफोन खात्याचा. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, किंवा तुमच्या आधारवर घेतलेला नंबर गुन्ह्यात वापरला गेलाय. अधिक माहितीसाठी नऊ दाबा. दुसऱ्या अंकात 'मुंबई क्राइम ब्रँच'चे साहेब. मागे झेंडा, भिंतीवर बोधचिन्ह, वायरलेसची खरखर. हे साहेब कडक असतात. लगेच त्यांच्यावर एक मोठे साहेब येतात, ते दयाळू असतात. "तुम्ही सुशिक्षित दिसता, तुम्हाला यात गोवलं गेलंय असं माझं मत आहे. सहकार्य केलंत तर बघतो." तिसऱ्या अंकात कॅमेरा बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही, दाराला कडी लावायची, आणि ठेवी मोडून रिझर्व्ह बँकेच्या 'पडताळणी खात्यात' भरायच्या. पडताळणी झाली की परत. ते खातं असतं कुणा भलत्याच, कमिशनवर खातं भाड्याने दिलेल्या माणसाचं, आणि पैसे तिथून तासाभरात पंधरा-वीस वाटांनी पांगलेले असतात.

यात फसतं कोण? निवृत्त अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक, बँकेत आयुष्य घालवलेले लोक. ज्यांनी आयुष्यभर सिग्नल पाळला, कर वेळेवर भरला आणि ज्यांचा पोलीस ठाण्याशी संबंध पासपोर्टच्या पडताळणीपुरता आला. ज्याचं ठाण्यात दर आठवड्याला जाणं-येणं आहे, त्याला हा फोन आला तर तो पहिल्या मिनिटाला ओळखतो, कारण खरे हवालदार एवढं शुद्ध बोलत नाहीत आणि एवढा वेळही देत नाहीत. सभ्य माणसाला मात्र साहेबाला "तुमचं ओळखपत्र दाखवा, मी तुमच्या ठाण्यात फोन करून खात्री करतो" म्हणणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. भाजीवालीला त्याने सकाळीच कोथिंबिरीच्या जुडीत माती किती, हे उलगडून दाखवलेलं असतं. दूधवाल्याच्या दुधात पाणी किती, हे त्याला न चाखता कळतं. रिक्षाचं मीटर तो दोनदा वाकून बघतो. चौकशीचं सगळं कसब अंगी असतं, पण ते फक्त खालच्या बाजूला चालतं. वर मान केली की ते आपोआप बंद पडतं. भामट्यांना तांत्रिक ज्ञान लागतच नाही फारसं. त्यांना आपली पायरी ठाऊक असते.

पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं की डिजिटल अरेस्ट अशी कायद्यात व्यवस्थाच नाही. थांबा, विचार करा, कृती करा. १९३० या मदतवाहिनीवर कळवा. अमिताभ बच्चन यांच्या आवाजात हाच इशारा मग फोनआधी वाजायला लागला. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तरी आधी बच्चन. लोकांनी इतका धावा केला की २०२५ मध्ये तो बंद करावा लागला. अनोळखी साहेबासमोर दिवसभर कॅमेरा चालू ठेवून बसणाऱ्या जनतेला ओळखीचा आवाज काही सेकंद सहन झाला नाही.

चौकशी फक्त खालच्या बाजूला चालते, असं वर म्हटलं. ती चालते तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलं आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप काही दिवस त्या भागात फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात आले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ही माणसं; भटकणं हाच त्यांचा पत्ता. कुणीतरी त्यांना एका लहान मुलीशी बोलताना पाहिलं म्हणे. गर्दीने त्यांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत. जिथे दाखला मिळतो, नोंद होते, खात्री केली जाते.

त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ होता: मोटरसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. तथ्य तपासणाऱ्यांनी तो मुळापर्यंत नेला. तो कराचीचा होता, मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या जनजागृतीचा. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा फलक दाखवतात. आपल्याकडे आला तो शेवट कापून. कुणीतरी बसून, ठरवून, तेवढाच भाग कापला. काळजी घ्या म्हणून बनवलेल्या फितीचीच अफवा झाली आणि ती पुढे पाठवणारे सगळे 'काळजी घ्या' म्हणूनच पाठवत होते.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एक निरोप एका वेळी फार तर पाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. पाठवलेल्या निरोपावर 'फॉरवर्डेड' अशी चिठ्ठीही लागली. फार फिरलेल्याला पुढे दोन बाण आले. ज्या अर्थाने ते बाण लावले, त्याच्या उलट अर्थाने आपण ते वाचतो. दोन बाण, म्हणजे इतक्या लोकांनी पाठवलंय, त्या अर्थी काहीतरी असणारच.

सरकारने यावर काय केलं? सरकारने ठरवलं की सरकारविषयी काय खरं आणि काय खोटं, ते सरकारच सांगेल. २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून तशी तरतूद झाली. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. २० मार्च २०२४ ला केंद्राने तथ्य तपासणी कक्ष अधिसूचित केला, २१ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. इतक्या अल्पायुषी कार्यालयाला खुर्च्या तरी आल्या होत्या की नाही कोण जाणे. उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नव्हतं. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. विनोद करणाऱ्याने कोर्टात जाऊन विचारलं, की तुमचं खरं-खोटं तुम्हीच कसं ठरवणार, आणि कोर्टाने त्याला उद्धट म्हटलं नाही. हे वर मान करून विचारणं झालं. घरच्या ग्रुपवर ही सोय नाही. तिथे काकाच वादी, काकाच न्यायाधीश आणि ॲडमिनही काकाच.

तपासणाऱ्यांची बाजूही थोडी सांगितली पाहिजे. त्यांना फक्त खोट्याला खोटं म्हणून भागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यात रायबाग तालुक्यातल्या एका घराच्या छपरावर मगर बसल्याचा व्हिडिओ आला. पाहताक्षणी खोटा वाटावा असा. जबडा उघडा, चौफेर पाणी आणि छपरावर मगर. तो खरा होता. कृष्णेच्या पुराने तिला तिथे नेऊन बसवलं होतं. म्हणजे पुतण्याची गत अशी, की शंभर गोष्टींना नाही म्हटल्यावर एकदा मगरीला हो म्हणायची पाळी आली की काका म्हणणार, "बघ! आणि तू म्हणे सगळं तपासतोस."

फसवणुकीच्या धंद्यातली ताजी शाखा मगरीहून अचाट आहे. ज्याचे पैसे एकदा गेले, त्याला काही दिवसांनी दुसरा फोन येतो. आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, किंवा वकिलांच्या कार्यालयातून. तुमचे पैसे गोठवलेल्या खात्यात सापडले आहेत. किती गेले, कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेतून, सगळं फोन करणाऱ्याला तोंडपाठ. ते ठाऊक असणारच. फसलेल्यांच्या याद्याही या बाजारात विकल्या जातात. रक्कम सोडवून घ्यायला फक्त थोडी प्रक्रिया फी आगाऊ भरायची. आणि पहिल्या खेपेला साहेबांना ओळखपत्र न विचारलेला आपला सभ्य गृहस्थ ती भरतो. पावतीचं त्याच्या मनात येतं, नाही असं नाही, पण साहेब एवढे आपल्यासाठी धडपडत असताना ती मागायची कशी?